राहायला नाही, भेटायला

माझ्या दुकानातून परदेशी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी निम्मी व्हीलचेअरवर बसून गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा बरे होते. जन्मभर वाकून भाताची लावणी केलेली, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून तुरूतुरू चालणारी बाई मुंबईच्या विमानतळाच्या दारात पोचली की तिचे पाय एकाएकी जायचे. यात चमत्कार काही नाही. तिकिटावर व्हीलचेअर मागितली की ढकलायला माणूस मिळतो, तो इंग्रजी बोलतो आणि थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतो. खुर्ची पायांसाठी नसतेच, तोंडासाठी असते. तिकीट काढताना मी विचारायचे, "व्हीलचेअर लिहू का?" की तिकडून मुलगा फोनवर ओरडायचा, "लिहा, लिहा, दोघांनाही लिहा!" कर्जत-खालापूर पट्ट्यात पायांची काहीतरी जुनी साथ आहे, असा विमान कंपन्यांचा एव्हाना समज झाला असेल.

दुकान कर्जतच्या बाजारपेठेत होतं. पासपोर्टचे अर्ज, व्हिसाचे अर्ज, विमानाची तिकिटं आणि पोटासाठी झेरॉक्स. पाटीवर विमान काढलेलं होतं. आमच्या रंगाऱ्याने विमान फक्त खालून पाहिलेलं, त्यामुळे पाटीवर त्याचं नुसतं पोटच दिसायचं. लग्नाआधी मी मुंबईत एका सहलीच्या कंपनीत टेबल सांभाळलं होतं. तेवढ्या पुण्याईवर तालुक्याने मला परराष्ट्रमंत्री करून टाकलं. ज्यांची मुलं तिकडे होती ते माझ्याकडे यायचे, ज्यांची जाणार होती ते यायचे, आणि ज्यांची कधीच जाणार नव्हती ते "अमेरिकेत सध्या काय चाललंय?" हे विचारायला यायचे.

आता दुकान बंद केलं. लोक मोबाइलवर स्वतःची तिकिटं स्वतः काढतात आणि चुकली की माझ्या घरी येतात. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा." ज्यांची गंमत झाली त्यांना विचारून लिहायचं ठरवलं असतं तर संपादकबाईंना कोरी पानंच छापावी लागली असती. म्हणून नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

ज्यांच्या घरातलं कोणी तिकडे नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं समजावून सांगते. अमेरिकेत कायम राहायची परवानगी मिळाली की एक कार्ड मिळतं. त्याला म्हणतात कायमच्या वास्तव्याचं कार्ड. आमची माणसं त्यातलं 'कायमचं' एवढंच ऐकतात, आणि तिकडचं सरकार 'वास्तव्य' तेवढं बघतं. कार्ड घेतलंत ना, मग इथे राहा, असं त्यांचं साधं म्हणणं. अधूनमधून बाहेर जायला हरकत नाही. सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर विचारपूस होते. वर्ष उलटलं तर कार्ड दाखवून आत जाता येत नाही, त्यासाठी आधी काढलेला वेगळा परवाना लागतो. आणि तो परवाना अमेरिकेत असतानाच मागावा लागतो. म्हणजे घराबाहेर जास्त दिवस राहण्याची परवानगी घरातून पाय काढण्याआधी मागायची. सासुरवाशिणींना हा नियम मला कधी समजावून सांगावा लागला नाही. पुरुषांना वेळ लागायचा.

आमच्याकडे मात्र याबाबत वेगळाच कायदा चालतो. तो कोणी केला ठाऊक नाही, पण नेरळपासून खोपोलीपर्यंत सर्वांना पाठ आहे. सहा महिन्यांतून एकदा जाऊन यायचं, की कार्ड जिवंत. खो-खोत खांब शिवून परत फिरतात तसं. तिकडच्या सरकारचा हा खेळ नाही, असं सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघायचे. "तुमाला नाय ठाऊक, आमच्या शेजाऱ्यांचा व्याही असाच जातो."

ज्यांचं कार्ड यायचं असतं, नुसता अर्ज आत असतो, त्यांचं आणखी नाजूक. अशांनी प्रवासाचा परवाना हातात येण्याआधी देश सोडला, तर बहुतेकांच्या बाबतीत सरकार समजतं की यांनी अर्जच सोडला. नेरळच्या एका मुलाचा अर्ज असाच आत होता. परवाना मागितला होता, आलेला नव्हता. तेवढ्यात बहिणीची हळद आली. इथे परगावच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे लग्न हा हळदीनंतरचा किरकोळ कार्यक्रम आहे. खरं काय ते आदल्या दिवशी होतं: मंडप, मटण, स्पीकरच्या भिंती आणि सगळा गाव.

"मावशी, तिकीट काढा," त्याचा फोन.

"परवाना आला का रे?"

"मागितलाय की."

"मागणं वेगळं, मिळणं वेगळं. लग्न व्हिडिओवर बघ."

"लग्न बघीन हो. हळदीचं काय? बाबा बोलतायत, हळदीला नाय आलास तर परत तोंड दाखवू नको."

आला. हळदीत असा नाचला की अजून लोक नाव काढतात. अर्ज तिकडे मेला. आता तो नेरळलाच नव्या इमारतींमधले फ्लॅट विकतो, आणि परदेशातल्या मराठी माणसांसाठी त्याने एक खास योजना काढली आहे. तिच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'आपल्या मातीत परत या'. बापाने तोंड बघितलं, एवढं समाधान आहे.

पण मला सांगायचंय ते आप्पा आणि मथुराकाकूंबद्दल.

आप्पा साजगावच्या पलीकडचे. कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांचं भाताचं शेत. भिंतीच्या आत त्यांनी नोकरी केली आणि भिंतीच्या बाहेर शेती. एकुलता मुलगा संतोष शिकून न्यू जर्सीला गेला, तिकडचा नागरिक झाला आणि त्याने आईवडिलांची कार्डं करून घेतली. गावात पेढे वाटले. आप्पांनी मला पेढा दिला आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "ताय, लावनीच्या आत परत यायला मिळंल ना?"

आप्पांची अमेरिका भाताच्या मागेपुढे बसवलेली असायची. कापणी, झोडणी उरकली, कार्तिकातली साजगावची जत्रा झाली, वर्षाचे सुके बोंबील भरले, वाल पेरून पुतण्याच्या हवाली केले, की मग अमेरिका. पाऊस तोंडावर आला की परत. पहिल्या खेपेला त्यांनी बॅगेत स्वतःच्या शेतातला तांदूळ नेला. मी नको म्हटलं होतं. कीड जाईल या भीतीने तिकडे आपला तांदूळ आत घेत नाहीत. त्यांनी तो विमानतळावर काढून घेतला आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकला. आप्पांच्या मनातून अमेरिका तिथेच उतरली. "ताय, दाना टाकला वो त्यांनी. हातानं टाकला." हे ते मला कितीतरी वेळा सांगत. आणि पुढे जोडत, "मंग आमच्या हिला पन तिकडं करमंना." काकू शेजारच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या असत. त्या काही बोलत नसत. मला वाटायचं, बरोबरच आहे, कसं करमेल?

खरा घोटाळा झाला चौथ्या खेपेला. तो समजायला आमच्याकडची एक रीत ठाऊक हवी. आमच्या गावांत दारात आलेल्या पाहुण्याला विचारतात, "ऱ्हानार ना?" पाहुण्याने म्हणायचं असतं, "नाय नाय, लगेच निघायचं हाय." हातात चार दिवसांच्या कपड्यांची पिशवी असली तरी. मग घरची बाई ती पिशवी हिसकावून आत नेते, पाहुणा नको नको म्हणतो आणि पाच दिवस राहतो. मी राहायलाच आलोय, असं दारात उभं राहून सांगणारा माणूस आमच्याकडे निर्लज्ज ठरतो. घर पोटच्या पोराचं असलं तरी.

तर अमेरिकेच्या दारात अधिकाऱ्याने फोनवर दुभाषी घेऊन आप्पांना विचारलं, "तुम्ही इथे राहता का?"

आप्पा संस्कारी माणूस. म्हणाले, "नाय वो सायब. लगेच निघायचं हाय. पोराला भेटायला आलोय."

"मग घर कुठे आहे?"

"साजगावच्या पलीकडं. भात हाय आपलं. या की कवातरी जेवायला."

कायमच्या वास्तव्याचं कार्ड हातात धरून माणूस सांगतोय की मी इथे राहतच नाही, वर अधिकाऱ्याला जेवायला बोलावतोय. इतका सरळ गुन्हेगार त्या बिचाऱ्याला नोकरीत भेटला नसेल. त्याने दोघांना बाजूच्या खोलीत बसवलं. काकूंना कोणी काही विचारलंच नाही, कारण त्यांच्या वाटचंही आप्पाच बोलत होते. शेवटी त्याने सोडलं, पण समज देऊन सोडलं: पुढच्या वेळी राहायचं असेल तरच या. संतोषने मला फोन केला तेव्हा तो रडायच्या बेताला आला होता. "काकी, यांना काय शिकवून पाठवता तुम्ही?" मी म्हटलं, "बाळा, हे मी नाही शिकवलं. हे तुझ्या आजीने शिकवलंय."

त्यानंतर दोघं लावणीसाठी परत आले आणि आप्पा जागचे हलेनात. कापणी झाली. जत्रा झाली. वाल निघाले. होळी गेली. संतोष दर आठवड्याला मला फोन करायचा, कारण बाप त्याचे फोन उचलत नव्हता. "काकी, वर्ष भरत आलं. वर्ष उलटलं तर दोघांची कार्डं गेली." मी साजगावला निरोप धाडायचे. आप्पांचं उत्तर यायचं, "बघू. राब भाजून झाला की." राब भाजणं म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून जमीन तयार करणं. एवढ्या कामासाठी अमेरिका अडवून धरायची म्हणजे कमाल. पण म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घरी राहायचंय, राहू दे. कार्ड जाईल तर जाईल. या देशात कार्डाशिवायही माणसं जगतात, असं माझ्या कानावर आलेलं होतं.

आणि एका सोमवारी सकाळी मथुराकाकू एकट्याच दुकानात आल्या. त्या एकट्या खोपोलीच्या पुढेसुद्धा कधी गेलेल्या मला ठाऊक नव्हत्या. नेहमीचं स्टूल सोडून त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या, जिथे आप्पा बसायचे.

"बाय, माजं एकटीचं तिकीट काढ."

"आणि आप्पा?"

"त्यांना भात हाय."

"पण काकू, तुम्हाला तर तिकडे करमत नाही ना?"

"असं कोन बोल्लं?"

"आप्पाच तर म्हणतात."

"त्यांना करमत नाय. मला कवा इचारलं कोनी?"

मग त्या बोलायला लागल्या. इतकी वर्षं त्या माझ्या दुकानात बसल्या होत्या, पण त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच सलग ऐकत होते. संतोषच्या घराजवळ एका गुजराती बाईचं तयार जेवणाचं दुकान आहे. काकूंनी एकदा तिथे सहज तांदळाच्या भाकऱ्या थापून दाखवल्या. त्या बाईने दुसऱ्या दिवशी कामालाच बोलावलं. कार्ड असलं की काम करता येतं, त्यामुळे सगळं रीतसर. शनिवारी तिथली मराठी माणसं काकूंच्या भाकऱ्यांसाठी थांबून राहतात. महिन्याला त्यांच्या नावाचा चेक येतो. त्या तिथे कर भरतात! मी तोंडात बोटं घातली. गावात यातलं एक अक्षर कोणाला माहीत नव्हतं, कारण आप्पांनी शपथ घातली होती. पोरगा एवढा मोठा, आणि आई लोकांच्या भाकऱ्या थापते, म्हणजे अब्रूचा प्रश्न. आप्पांच्या भाकऱ्या ती जन्मभर थापत आली, त्यात अब्रूला काही झालं नव्हतं.

"हितं पन भाकऱ्याच थापते गं मी," काकू म्हणाल्या. "पन तिथं मी दारातनं आत शिरले की ती बाई बोलते, आलात का मथुराबेन, तुमची वाट बघत व्हतो. हितं माजी वाट चूल बघते."

मला वाटलं होतं मी या धंद्यात माणसं ओळखायला शिकले. काकूंनी पिशवीतून पासपोर्ट आणि कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं, आणि मी परत आल्याचा शिक्का बघून दिवस मोजले. वर्ष भरायला फारच थोडे दिवस उरले होते. तेवढ्यात त्या पोचल्या नाहीत तर कार्ड, काम, शनिवारची माणसं, सगळं संपणार होतं. आप्पा जाणार नव्हते, आणि आप्पा गेले नाहीत तर काकूही जाणार नाहीत, हे घरात सर्वांनी गृहीत धरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा पुतण्याच्या मोटारसायकलवरून दुकानावर चालून आले. मागे काकू एस.टी.ने आल्या. आप्पांचा आवाज समोरच्या मेडिकलपर्यंत जात होता.

"ताय, तुमी पन हिच्या नादी लागलात? ही एकटी कशी जाईल? हिला इंग्रजी येतं का?"

"तुमाला तरी कुठं येतंय?" मागून काकू म्हणाल्या. "तुमी तर मराठीत बोलून कार्ड घालवत व्हतात."

समोरच्या मेडिकलवाल्याने हसू दाबलं. आप्पांनी ऐकलंच नाही असं केलं.

"लोकं काय बोलतील गं? नवरा हितं आन बायको अमेरिकेत? या वयात?"

"पोरगं सोळा वर्सं तिकडं हाय, तवा लोकं काय बोल्ली? पेढं खाल्लं."

"आन माज्या भाकरीचं काय?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या मनापासून विचारला की मेडिकलवाल्याचं दाबलेलं हसूही गेलं. मला रागही आला आणि वाईटही वाटलं. आप्पा वाईट माणूस नाहीत. भूक लागल्यावर ताट समोर येतं, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. ते आणणारी बाई कुठे जाईल, हा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता.

"पीठ दळून ठेवलंय," काकू म्हणाल्या. "थापायची तुमी. न्हायतर चला माज्यासंगं."

"भात टाकून?"

"मंग ऱ्हावा."

आप्पा बाहेर गेले आणि मोटारसायकलवर नुसतेच बसून राहिले. पुतण्या चालवायला जागेवर नव्हता.

तिकीट काढलं. व्हीलचेअर लिहू का, म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "कशाला? पाय हायत. कोनच्याबी खुर्चीमागं चालत जाईन." ही युक्ती माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आली नव्हती. खुर्चीत बसायची गरज काय, दुसऱ्याच्या खुर्चीमागे गेलं की झालं.

अवघड भाग पुढेच होता. जवळजवळ वर्षभर बाहेर राहिलेल्या बाईला दारात प्रश्न विचारणार हे नक्की होतं. जुनी समज कॉम्प्युटरवर नोंदलेली असणार. मी अधिकारी झाले आणि काकूंची तालीम घ्यायला लागले.

"बाई, तुम्ही इथे राहता का?"

"नाय, लगेच..." आणि काकूंनी स्वतःच जीभ चावली.

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शरीरातच ते इतकं मुरलेलं होतं की दारात उभं राहिलेलं नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी तोंडातून तेच निघायचं. मी म्हटलं, "काकू, असं म्हणा, माझं घर इथे आहे."

"माजं कसं गं? पोराचं हाय."

"बरं. मग साजगावचं?"

"त्ये यांचं. उताऱ्यावर यांचंच नाव हाय."

"माहेरचं तरी?"

"भावांचं."

माझं स्वतःचं दुकान, पण पाटीवर मालक म्हणून नवऱ्याचं नाव होतं. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे, तसंच असतं म्हणून. मला त्या क्षणी फार राग आला आणि तो नेमका कोणावर काढावा ते कळेना. समोर बसलेली बाई सत्तरीच्या घरात आलेली, जन्मभर घर सांभाळलेली, आणि 'माझं घर' हे दोन शब्द तिला खोटं बोलल्यासारखे वाटत होते.

शेवटी काकू म्हणाल्या, "बाय, मी खोटं नाय बोलनार. मी तिथं ऱ्हाते आन काम करते, असं बोल्लं तर चालंल?"

"चालेल," मी म्हटलं. "तेच तर त्यांना हवंय."

काकू गेल्या. त्यांना सोडायला आप्पा विमानतळावर आले नाहीत. राब भाजायचा होता.

तिकडे पोचल्यावर काकूंचा फोन आला. अधिकाऱ्याने विचारलं, एवढे दिवस बाहेर का होता? काकू म्हणाल्या, नवऱ्याचं भात होतं. त्याने विचारलं, नवरा कुठाय? काकू म्हणाल्या, भातात. मग घर कुठे, असं विचारल्यावर म्हणाल्या, "घराचं मला नका इचारू सायब. पन मी हितं ऱ्हाते, आन सोमवारी मला कामावर जायचंय." दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण तो माणूस हसला. त्याने कागद बघितले, कर भरल्याचं बघितलं, आणि शिक्का मारला.

"आन जाताना मला काय बोल्ला ठाव हाय का, बाय?" काकूंचा आवाज फोनमध्ये एकदम बारीक झाला. "त्यो फोनवरचा मानूस मराठीत बोल्ला, सायब बोलतायत, या, घरी आलात."

कार्ड असलेल्या सर्वांनाच तिथे तसं म्हणायची पद्धत आहे. मी ते काकूंना सांगितलं नाही.

इकडे आप्पांनी पावसाळा काढला. सुरुवातीला पुतण्याच्या बायकोने डबा दिला. नंतर तिने तोंड वाकडं करायला सुरुवात केली, तेव्हा आप्पा भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकऱ्यांचे आकार मी ऐकले आहेत. गावाने चार दिवस चेष्टा केली, पाचव्या दिवशी दुसरा विषय मिळाला. आप्पांचं वर्ष उलटून गेलं होतं. त्यांनी माझ्याकडून कार्ड रीतसर परत करायचा अर्ज भरून घेतला. "आपल्याला नाय जमत त्ये," म्हणाले. "ऱ्हातो हितं आन सांगतो तिथं, असं नको." त्यांनी सही केली तेव्हा मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, हेही लिहायला हवं. नियम न पाळता कार्ड पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती.

वाल पेरून झाल्यावर आप्पा पुन्हा दुकानात आले. या वेळी साध्या पाहुण्याच्या व्हिसासाठी. अर्जात विचारतात, कोणाला भेटायला जाताय? मी सवयीने 'मुलगा' लिहायला घेतलं.

"मुलगा नको," आप्पा म्हणाले. "बायको लिवा."

मुलाखतीला ते एकटेच मुंबईला गेले. पाहुण्याच्या व्हिसाला उलटी परीक्षा असते. इथे सिद्ध करायचं असतं की मी राहणार नाही, परत येणार. भल्याभल्यांची तिथे बोबडी वळते. आप्पा दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"काय विचारलं?" मी घाईने म्हटलं.

"इचारलं, बायको तिकडं, पोरगा तिकडं, मंग तुमी परत कशाला येनार?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"खरं त्ये सांगितलं. बोल्लो, बाई, मला ऱ्हा म्हनून कोन बोलतंय तिकडं?"

व्हिसा मिळाला होता. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी कॉम्प्युटर उघडला आणि जाण्याचं तिकीट बघितलं. मग विचारलं, "परतीची तारीख कुठली टाकू आप्पा? लावणीच्या आधीची ना?"

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताय, तारीख बदलता येती, असं पन तिकीट असतं ना?"

"असतं. महाग पडतं."

"पडू दे."

"आणि लावणी?"

"लावनीला वाडीवरची मानसं मजुरीवर मिळतात," आप्पा म्हणाले. "तिनं ऱ्हा म्हनलं, तर?"